झालेला शर्ट

“दिला म्हणतोय ना,” काका पुन्हा म्हणाले, तेव्हा मुलाने हातच जोडले.

“बाबा, कुणाला दिलात? ती मुलगी खाली उभी आहे कोटासाठी.”

“दातांच्या डॉक्टरांना. समोर, दुसऱ्या मजल्यावर. कडीला अडकवला, नेहमीसारखा.”

दातांचे डॉक्टर ती जागा सोडून गेले तेव्हा मुलाचं लग्नही झालं नव्हतं. पांढरा कोट होता प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या मुलीचा. सून समोर जाऊन विचारून आली. कडीला काही नव्हतं. ती त्या मुलीची समजूत घालायला खाली गेली, पण मुलगा काही थांबेना. मागे वकिलांचे पडदे असेच गेले, त्याआधी कुणाच्या चादरी. आता इस्त्रीच्या खोलीला कुलूप लावा, एवढंच तो म्हणत राहिला.

जिन्याखालच्या त्या खोलीत इस्त्री करण्यात काकांचा जन्म गेला होता. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. कपड्यांवर त्यांनी कधी खूण केली नाही. कॉलर उलटली की घर कळायचं. ही तेल थापणाऱ्याची, हे बटण घाईत भलत्याच दोऱ्याने लावलेलं. कुठल्या घरात अबोला चाललाय तेही यांना बटणांवरून कळतं, असं काकू म्हणायच्या.

काकांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी मुलाला नीट समजावलं होतं. जुन्या आठवणी एकीकडे असतात, हाताची सवय दुसरीकडे, आणि आत्ता घडलेलं धरून ठेवून आत पोचवायची सोय निराळी. यांची ती सोयच बिघडली आहे, आणि ती सुधारणार नाही. मुलाने हे घरी सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, “म्हणजे माझं माहेर लक्षात राहणार आणि मी आत्ता काय सांगितलं ते नाही. लग्न झाल्यापासून हेच चाललंय.” सगळे हसले होते, काकाही.

कोटाच्या भांडणात तोडगा काकूंनीच काढला. हात शाबूत आहेत, तर त्यांनी नुसती इस्त्री करावी. आणणं-पोचवणं त्या बघतील. काम सुटलं तर हा माणूस भिंतीकडे बघत बसेल, याचीच त्यांना धास्ती होती. मुलगा कुरकुरत कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा टेबलावर ठेवून त्या कपडे गोळा करायला गेल्या. परत आल्या तेव्हा काका एका निळ्या शर्टाची घडी घालत होते. पट्टी लावून घालावी तशी घडी. काकूंना बरं वाटलं. मग काकांनी तीच घडी हातात घेतली, कॉलर उलटून पाहिली, शर्ट झटकून पसरला आणि त्यावर पाणी शिंपडलं. वरचा तो एक शर्ट सोडला तर गठ्ठा होता तसाच होता.

“अहो, हा झालाय.”

“हो का?” ते म्हणाले, आणि इस्त्री फिरवू लागले.

काकूंनी शर्ट काढून घेतला, दुसरा कपडा हातात दिला. तो झाला की लगेच उचलला, पुढचा दिला. त्या शेजारी उभ्या असेपर्यंत काम पुढे सरकत होतं. एक बाई कपडे न्यायला आली म्हणून त्या दाराशी गेल्या, तिच्याशी दोन शब्द बोलल्या, तेवढ्यात करपल्याचा वास आला.

काकांनी शर्ट उजेडात धरला होता. पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

“चांगला कपडा होता गं,” ते म्हणाले. “कुणी जाळला?”

काकूंनी प्लग काढला. इस्त्री गार झाली तरी त्या तिथेच स्टुलावर बसून राहिल्या, आणि ती गरम कधी होणार म्हणून काका दर थोड्या वेळाने तिला बोट लावून पाहत होते.

संध्याकाळी काका आत आडवे झाले होते. सून पानं वाढत होती. काकू उभ्याउभ्याच म्हणाल्या, “इस्त्री उद्या भंगारात द्यायची. ते रोज विचारतील. आज सुट्टी आहे, असं सगळ्यांनी रोज सांगायचं.”