बोडणाची चौथी सवाष्ण

हे मी ह्यांनासुद्धा शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते गेले, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. तुम्हाला का सांगतेय? कुणास ठाऊक — पण आज थांबवत नाही!

लग्न होऊन नगरहून बनारसला आले तेव्हा मी एकवीस वर्षांची. हे रेल्वेत. ब्रह्मा घाटावर मराठी बिऱ्हाडं बरीच, म्हणून तिथेच खोली घेतली. आता गंमत बघा — ह्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण आडनाव तेच राहिलं, अस्सल कोकणस्थी! मालकीणकाकूंनी ते ऐकलं आणि पुढे काही विचारलंच नाही. मी तरी कशाला सांगतेय? मंगळसूत्रातला क्रूस काढला, दोन वाट्या ओवल्या, कुंकू लावलं. झालं!

खोली टिकावी म्हणून केलं, असं म्हणू? छे! मला मजा येत होती. नगरला अशाच घरांत आम्हा ख्रिस्त्यांना बाहेर ओट्यावर बसवून ओंजळीत वरून पाणी ओतायचे. आणि इथे काकू मला थेट स्वयंपाकघरात हाक मारायच्या. मी नुसती हवेत असायचे हो!

रविवारी मात्र गुपचूप छावणीतल्या चर्चमध्ये. तिथे भेटली फूलमती, दवाखान्यातली आया, माझ्याच वयाची. मी तिला प्रभूची प्रार्थना शिकवली, एकेक ओळ करून. ती बाप्तिस्मा घेणार हे कळल्यावर सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. तरी हिचं हसू काही जाईना! बाप्तिस्म्याला तिच्या बाजूने साक्षीला मी उभं राहायचं ठरलं. तिला दुसरं होतं कोण?

त्याच आठवड्यात काकूंकडे नातू झाल्याचं बोडण निघालं. त्या देवीच्या पूजेला आपल्यातल्याच चार सवाष्णी लागतात, आणि एक कुमारिका. काशीत कोकणस्थ घरातली चौथी सवाष्ण मिळेना. काकूंनी मला बोलावलं — मला! अहो, नऊवारी नेसून धावतच गेले. मध्ये देवी, भोवती दूध, दही, मध, पुरण, आणि पाच जणींचे हात एकाच परातीत कालवतायत. बांगड्यांचा नुसता किणकिणाट! इतकं आपलं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "दीदी! जय मसीह की! इतवार पक्का हो गया!"

फूलमती. जिना धावत चढून आलेली, हरखलेली. परातीतले हात थांबले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मी — मी मान वर करून म्हणाले, "कौन हो तुम? मैं तुम्हें नहीं जानती."

ती काकूंकडे वळून म्हणाली, "माफ करना माताजी, गलत घर में आ गई." आणि जिना उतरून गेली. खोटं माझं, निभावलं तिने. मी काय केलं? पुन्हा कालवायला लागले.

त्या रविवारी मी गेले नाही. पाद्रीसाहेबांची बायको उभी राहिली म्हणे तिच्या शेजारी.

पुढे क्वार्टर मिळालं, ब्रह्मा घाट सुटला. मी उघडपणे चर्चला जाऊ लागले, मुलांना बायबल शिकवलं, बायकांचं मंडळ चालवलं. फूलमती दर रविवारी भेटायची, हात हातात घ्यायची. त्या दिवसाचा विषय तिने कधी काढला नाही. मी तर नाहीच नाही.

गेल्या महिन्यात माझा सत्कार झाला — आयुष्यभराच्या विश्वासू वाटचालीबद्दल! मला काय आनंद झाला सांगू, पोरीसारखी चार वेळा साडी बदलली. हार घालायला फूलमतीच आली, काठी टेकत. माईकवर म्हणाली, "दीदी ने मुझे प्रार्थना सिखाई. बपतिस्मे के दिन मेरे साथ यही खड़ी थीं."

विसरली होती? की मला पुन्हा वाचवत होती? चर्चभर टाळ्या पडल्या. मग तिने माईक माझ्या हातात दिला.

मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.