हँगरचं मागचं दार

या सदरात आजवर मी फक्त दुसऱ्यांच्या गूढ अनुभवांखाली शंका काढत आले. 'आधी वायरिंग तपासा', 'ॲसिडिटी असेल' असं लिहिणारी ती आगाऊ बाई मीच. आज माझी पाळी आलीये... हसलात तरी चालेल.

मी अमरावतीला आर्किटेक्चर शिकवते. अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाताना, रस्ता सोडून थोडं आत, दुसऱ्या महायुद्धातलं विमानांचं एक हँगर आहे. वर लोखंडी कैच्या, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे, त्यांच्यावर पत्रा. मधे एकही खांब नाही, कारण विमानाला पंख असतात. दोन्ही टोकांना रुळांवर सरकणारी अजस्र दारं. विमानं गेली, मग तिथे धान्य साठवलं गेलं आणि आता माझा चुलतभाऊ अरुणदादा कापसाच्या गाठी ठेवतो. मागून चोऱ्या होतात म्हणून त्याने मागच्या दाराच्या रुळावर काँक्रीट ओतून ते कायमचं बंद केलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी मोजमापं घ्यायला गेले, तेव्हा त्याच्यावर चिडलेच. "दादा, आग लागली तर निघशील कुठून?"

"समोरून. अन् मांगून चोर आले त त्याईले तू पकडशीन का?"

त्याच दुपारी हमाल बाहेर निंबाखाली जेवत होते, मीही तिथेच होते. दादा आत, पार मागच्या बाजूला, ताडपत्र्या आवरत होता. समोरच्या दाराजवळच्या गाठींतून धूर निघाला. कापूस आतल्या आत धुमसतो, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. बघता बघता पुढचं तोंड पेटलं. एक हमाल आत शिरायला गेला, त्याला बाकीच्यांनी ओढून काढलं. दादा ओ देत नव्हता. मी मागच्या दाराकडे धावले.

दार बंदच होतं. आणि दारासमोर, बाहेर, गवतात दादा बसून खोकत होता.

"बरं झालं तूनं उघडलं वो," तो म्हणाला. "मले वाटलं, संपलं आता."

"मी आत्ता येऊन राहिली, दादा."

त्याने वळून दाराकडे पाहिलं.

आग विझल्यावर मी सगळं तपासलं, तोच माझा धंदा आहे. खिडक्या छताजवळ, शिडीशिवाय हात पोचत नाही. पत्रा कुठे फाटलेला नाही. समोरून तो निघाला म्हणावं, तर तिथे आम्ही सगळे उभे होतो. काँक्रीटला साधी चीर नव्हती आणि दाराची चाकं गंजून रुळाला चिकटलेली. फक्त दादाच्या सदऱ्यावर, खांद्यापाशी, ओल्या ग्रीसचा काळा पट्टा होता. त्या दाराला आमच्या माहितीत कोणी कधी ग्रीस लावलेलं नाही.

पुढे मी काँक्रीट फोडून घेतलं आणि ट्रॅक्टरला साखळी बांधून दार ओढायला लावलं. साखळी तुटली. दार जागचं हललं नाही. शेवटी शेजारच्या भिंतीचा पत्रा कापून मी नवीन दार बसवून घेतलं, ते एका हाताने उघडतं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. धुरामुळे दादाला काय वाटलं असेल ते असो, पण तो बाहेर होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दसऱ्याला तो वजनकाटा, ट्रॅक्टर सगळ्याची पूजा करतो. यंदा झेंडूचा मोठा हार त्या जुन्या दाराला होता. मी चिडवलं, "काहून, माझ्या दारानं काय पाप केलं?"

दादा हसला नाही. हार नीट करत म्हणाला, "याले मी बुजवलं होतं वो. तरी यानं मले बाहेर सोडलं."