मुखरूभाऊ थांबवतात तेव्हा

दसऱ्याला लोक नांगर पुजतात, मोटरसायकल पुजतात, पिठाची गिरणी पुजतात. आमच्या घरी ती रीत नाही. त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो, पण शेजाऱ्यांचं पाहत आलोय आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर हळद-कुंकू, अक्षता आणि वरून पाण्याचे शिंतोडे? नागभीडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून असला पेशंट माझ्या वाट्याला आला नव्हता. वर, पूजा झाल्यावर तो ओल्या फडक्याने पुसलेला. सगळं कुंकू खाली उतरून आत लाल चिखल. माझं डोकंच फिरलं.

कीबोर्ड मुखरूभाऊंचा होता, म्हणून तोंडातल्या शिव्या तोंडातच राहिल्या.

मुखरूभाऊ म्हणजे झाडीपट्टीच्या, आमच्या या धानाच्या मुलखातल्या, नाटकांतले ऑर्गनवाले. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. वडशाच्या एका नाटक कंपनीत या माणसाने उभा जन्म ऑर्गन वाजवला. पावसाळ्यात स्वतःच्या शेताच्या बांधीत धान रोवायचं, धान कापून झालं की ऑर्गनवर बसायचं. गाणारे त्यांना वचकून असत. कोणाचा सूर ढळला तर ते बोलत नसत, नुसते बघत, आणि ते बघणं पुरत असे.

मग लकवा आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला डावा हात, आणि कान.

त्यांची मुलगी दिव्यानी लहानपणापासून ऑर्गन शिकलेली. बाबांच्या जागेवर मी बसते, असं तिने कंपनीचे मालक गोपालभाऊंना सांगितलं. त्या कंपनीत ऑर्गनवर बाई बसलेली कोणी पाहिली नव्हती. गोपालभाऊ सरळ माणूस, पण धंद्यात भिडेला बळी पडणारे नाहीत. दिवाळीच्या आधी घरी येऊन ऐकतो म्हणाले. जमलं तर जागा तुझी, नाही जमलं तर गोंदियाकडचा एक वाजवणारा त्यांनी हेरून ठेवला होता.

मुखरूभाऊंना त्यांच्या जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग ऐकता यावी म्हणून मीच त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटर लावून दिला होता. मशीन म्हातारं, म्हणून त्यावर लिनक्स ही हलकी, फुकटची सिस्टिम टाकलेली. कीबोर्डच्या डाव्या कडेला गाण्यांची गोल बटणं होती. एकाने गाणं थांबायचं आणि चालू व्हायचं, एकाने मागे जायचं. मला वाटलं होतं, बिचाऱ्यांचा वेळ जाईल.

त्यांनी त्यावर शाळा काढली. दिव्यानी रेकॉर्डिंग लावायची. त्यात गाणाऱ्याचा आवाज आणि बाबांचाच ऑर्गन. त्याच्यासोबत ती समोर बसून वाजवायची. मुखरूभाऊ खाटेवर, पाठीला उशी, मांडीवर कीबोर्ड. ती चुकली की बोट खाली. गाणं बंद. मग मागचं बटण, आणि तिथूनच पुन्हा. मी एक अख्खी दुपार तिथे बसलो होतो. मला दोन्ही वाजवण्यांत काडीचा फरक कळेना आणि यांचं बोट मात्र खाली येई. दर वेळी दिव्यानी क्षणभर विचार करायची आणि मान हलवायची, हो बाबा, बरोबर आहे. जिभेशिवाय माणूस इतकं शिकवू शकतो हे कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

आणि त्याच बटणाचा नेमका चिखल झालेला.

त्यांच्या घरातच मी चिडून विचारलं की हे सुचलं कोणाला. वच्छलाबाई, म्हणजे मुखरूभाऊंच्या घरच्या, पदर सावरत पुढे आल्या.

"दरवर्षी त्याइच्या ऑर्गनले कुकू लावतो बापू. आता त्याइचा ऑर्गन हाच नाई का? मंग त्याले कसं सोडू?"

मी स्क्रू-ड्रायव्हर काढला.

कीबोर्ड खोलून धुतला, उन्हात वाळवला. अक्षरं चालू झाली, पण कडेच्या गोल बटणांखालची वीज नेणारी बारीक रेघच गंजून गेली होती. दुकानातून दुसरा आणला. त्याची गाण्याची बटणं उजव्या कोपऱ्यात. मुखरूभाऊंचा डावा हात तिथवर पोचेना. त्यातून तो बिननावाचा, स्वस्तातला माल. थांबायचं बटण दाबलं की गाणं चालूच राही आणि पडद्यावर हिशेबाचं यंत्र उघडे. वच्छलाबाईंनी विचारलं, ते चुका मोजून राह्यलं का. दिव्यानी हसली नाही. गोपालभाऊ येत्या आठवड्यात येणार होते आणि बाबांच्या बोटाशिवाय आपण कुठे चुकतो हे तिला कळत नव्हतं.

लिनक्सचं एक बरं आहे. प्रत्येक बटण दाबलं की आत एक नंबर जातो, आणि कोणत्या नंबराने काय करायचं हे एका फाइलीत आपल्याला लिहून देता येतं. म्हणजे बटण कुठलंही चाललं असतं. प्रश्न एवढाच, की मुखरूभाऊंना सोयीचं कोणतं. मी तपासायचा प्रोग्राम लावला. त्यात दाबलेल्या बटणाचा नंबर आणि दाबल्याची वेळ ओळीने दिसत जाते. त्यांना म्हटलं, हात जिथे आपोआप पडेल तिथे पडू द्या.

त्यांनी डोळे मिटले. हात हवेत उचलला आणि ठेवला. एक या आकड्याच्या डावीकडचं, कोणी कधी न वापरणारं बटण. पुन्हा उचलून ठेवायला सांगितलं. तेच बटण. कीबोर्ड मुद्दाम थोडा सरकवला, तर बोटांनी आधी कड चाचपली आणि परत तिथेच आली.

मला हवं ते मिळालं होतं, पण ते थांबेनात. पडद्यावर ओळींमागून ओळी पडायला लागल्या. मला वाटलं, बटण अडकलं. वैतागून बघायला वाकलो, तर बोट खालीवर होत होतं. मग वेळांकडे लक्ष गेलं. दोन ओळींमधलं अंतर सारखं, पुढचंही सारखं, आणि काही ओळींनंतर एक जागा रिकामी. पुन्हा तसंच, पुन्हा रिकामी जागा तिथेच. स्वयंपाकघरातून दिव्यानी ओल्या हातांनीच बाहेर आली. तिला पडदा दिसतही नव्हता, तिने नुसती टकटक ऐकली होती. ती दारातच उभी राहून गुणगुणायला लागली, आणि तिचा सूर त्या ओळींवर चपखल बसत गेला.

लकव्याने मोडलेला माणूस मुक्या बटणावर ताल धरून होता, आणि माझं मशीन तो लिहून घेत होतं. पडद्यावरची ती खिडकी बंद करायचं मला धैर्य होईना.

शेवटी फाइल लिहिली. पहिल्यांदा माझीच चूक झाली आणि सगळा आवाजच बंद पडला. दुसऱ्यांदा जमलं. त्या कोपऱ्यातल्या बटणाने गाणं थांबायला लागलं, त्याच्या खालच्याने मागे जायला लागलं. दिव्यानीची शाळा पुन्हा सुरू झाली आणि मुखरूभाऊ पहिल्यापेक्षा कडक झाले.

गोपालभाऊ आले ते दुपारी. चहा झाला, तब्येतीची चौकशी झाली. मग त्यांनी नाटकातलं सगळ्यात अवघड पद सांगितलं. बटण दगा देईल या धास्तीने मी खाटेपाशीच बसलो होतो. रेकॉर्डिंग लागलं, दिव्यानी वाजवायला लागली. कडवं गेलं. दुसरं गेलं. मुखरूभाऊंचं बोट बटणाच्या वर, आणि माझी नजर बोटावर. वच्छलाबाई भिंतीला टेकून, डोळे गच्च मिटून.

शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी बोट खाली आलं.

गाणं बंद. दिव्यानीचे हात जागच्या जागी थिजले. या घरात ते बटण दाबलं गेलं की त्याचा अर्थ एकच होता. गोपालभाऊंनी खाली मान घातली, आणि मला त्यांचा निकाल दिसला. सगळे मागच्या बटणाची वाट बघत होतो.

मुखरूभाऊंनी ते दाबलं नाही. त्यांनी डाव्या हाताने कीबोर्ड मांडीवरून ढकलला. तो माझ्या अंगावर आला. मग तोच हात त्यांनी लेकीकडे केला आणि बोटांनी खूण केली. पुढे. एकटी.

दिव्यानी बाबांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले आणि हात पट्ट्यांवर आले. जिथे गाणं तुटलं होतं तिथूनच ऑर्गन सुरू झाला, आणि या वेळी घरात तो एकच ऑर्गन होता. चूक काही झाली नव्हती. मुखरूभाऊंनी स्वतःचं वाजवणं थांबवलं होतं.

दोन ओळी ती एकटीच वाजवत होती. मग खुर्चीतून गोपालभाऊंचा आवाज आला, जुना, जरा घोगरा. मालकपण विसरून ते पुढच्या ओळी गायला लागले होते. मी रडत होतो, लपवलं नाही. पद संपल्यावर गोपालभाऊ उठले आणि खाटेपाशी येऊन त्यांनी मुखरूभाऊंच्या पायांना हात लावला.

"मंडईच्या पहिल्या नाटकाले गाडी पाठवतो, बाई," ते दिव्यानीला म्हणाले.

आजवर ते तिला पोरी म्हणत आले होते.