बोर्डाची पूजा आणि दसऱ्याचा कंदील

खंडेनवमीची दुपार, ग्वाल्हेर, लष्कर नावाच्या भागातली दाना ओली ही गल्ली. संस्थान अजून होतं आणि मी त्या घरातली नवी सून होते... (हो, आता पणजी आहे. पण टाइप माझं मीच करते, चुका पोटात घाला.)

आमचं घर पलटणीतल्या माणसांचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, रिसालदार म्हणून निवृत्त झालेले. मिशा आणि आवाज मात्र अजून नोकरीवर होते. त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, पलटणीत न जाता वायरमनचं काम शिकावं हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. कुणी विचारलंच तर "नोकरी बघतोय" म्हणून विषय बदलायचे.

त्या वर्षी गणपतीत दिवे वाढवले आणि फ्यूजच्या बोर्डाचं लाकूड जळून काळं पडलं. उघडून पाहिलं तर फ्यूजच्या बारीक तारेच्या जागी कुणीतरी जाड तांब्याची तार पिळून बसवलेली... म्हणजे फ्यूज कधीच उडणार नाही, एक दिवस घरच पेटेल! ह्यांनी सगळा बोर्डच नवा बसवला. परवाना नुकताच मिळाला होता आणि स्वतःच्या सहीचं हे पहिलंच काम.

नियम मोठे कडक होते. बोर्ड परवानेवाल्यानेच बदलायचा, आणि वीजखात्याच्या इन्स्पेक्टरने यंत्र लावून पास केल्याशिवाय लाइन जोडायची नाही. पहिलंच काम नापास झालं तर परवान्यावर शेरा बसणार, म्हणून ह्यांना जेवण गोड लागत नव्हतं. त्यात दुसऱ्या दिवशी दसरा... मामंजींना सोनं द्यायला अर्धं लष्कर आमच्या बैठकीत यायचं.

इन्स्पेक्टर आले. त्यांनी मेगर नावाच्या यंत्राचा दांडा गरागरा फिरवला, पण काटा हवा तिथे जाईचना. कुठेतरी वीज गळणार होती.

"रिसालदार साहब, माफ कीजिए, ये पास नहीं होगा," ते खालच्या आवाजात म्हणाले. ह्यांचा चेहरा उतरला.

माझे चुलतसासरे लगेच पुढे सरसावले. "दादा, तुम्ही एक शब्द टाका ना. ह्या इन्स्पेक्टरसाहेबांचे वडील तुमच्याच हाताखाली होते. कल दसरा है, घरात अंधार बरा दिसतो का?"

मामंजींनी मिशीवरून हात फिरवला आणि ह्यांच्याकडे वळले. "बापू, तू काय म्हणतोस?" त्या घरात ह्यांचं मत कुणी विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"नापास लिहू द्या, आबा. उद्या इतकी माणसं येणार, कुणाचा हात कुठे लागेल... कारण सापडेपर्यंत मी लाइन जोडणार नाही."

मामंजी इन्स्पेक्टरना म्हणाले, "लिख दीजिए."

बोर्ड उघडला तर मागचं लाकूड ओलंचिंब! सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तेवढ्यात दाराआडून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, तू सकाळी बाहेर गेलास ना, तेव्हा मी पूजा केली त्याची. आज तलवारीला न्हाऊ घालतो आपण, मग तुझ्या बोर्डाने काय पाप केलंय?"

चांगला तांब्याभर पाणी ओतून, वर हळदकुंकू! मुलाच्या कामाला त्या माउलीने शस्त्रांच्या ओळीत बसवलं होतं, रागवायचं तरी कुणी? हे कपाळाला हात लावून खाली बसले आणि हसायलाच लागले.

पण लाकूड काही हसून वाळत नाही. बोर्ड काढून उन्हात ठेवला, इन्स्पेक्टर सुट्टी संपल्यावर येणार म्हणाले आणि आमचा दसरा कंदिलावर आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक आले आणि चेष्टा सुरू झाली. मामंजींचे एक जुने दोस्त तर दारातच थबकले. "काय रिसालदार, वीज गेली कुठे? आणि तुमचे चिरंजीव हल्ली करतात तरी काय?"

मामंजी ताठ उभे राहिले आणि त्या पलटणीतल्या आवाजात म्हणाले, "माझा मुलगा वायरमन आहे. बोर्ड पास झालेला नाही, आणि पास झाल्याशिवाय तो बापाच्या घरीसुद्धा दिवा लावत नाही!"

मग आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं... न विचारणाऱ्यालासुद्धा. हे खाली मान घालून आपट्याची पानं देत होते, पण कान लाल झालेले मला दिसत होते.

सुट्टीनंतर बोर्ड पास झाला, दिवे लागले. शेरा मात्र परवान्यावर राहिला तो राहिलाच. ह्यांनी पुढे लष्करात कितीतरी घरांत बोर्ड बसवले, सगळीकडे लख्ख उजेड केला... पण आपण केवढ्या मोठ्या माणसांच्या घरात आलो आहोत, हे मला त्या दसऱ्याला कंदिलाच्या उजेडातच दिसलं.