कोळशाखालची वाळू

गळ्यात शिंप्याची टेप अडकवूनच त्या कामावर यायच्या, म्हणून सगळे त्यांना टेपबाई म्हणत. वीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. मग नजर अधू झाली, सुईत दोरा ओवताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नवऱ्याची तब्येत तोळामासा, घरात कमावतं दुसरं कोणी नाही. तेव्हा नणंद धावून आली. ती भूगर्भ खात्याच्या कचेरीत टपाल सांभाळायची.

"वहिनी, आमच्या नमुन्यांच्या गोदामात माणूस हवंय. दगड धुवायचे, मोजायचे, लिहून ठेवायचे. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण आमच्याकडे दगडच आहेत!"

गोदाम म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. जमिनीत खोल भोक पाडून यंत्रं दगडाच्या गोल कांड्या वर काढत आणि त्या निघाल्या त्याच क्रमाने लाकडी पेट्यांत ठेवत. कुठला थर किती जाड, हे मोजून लिहायचं, एवढंच टेपबाईंचं काम. पण सहा महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं की पेट्या वेगळ्या असल्या तरी क्रम पुन्हा पुन्हा तोच येतोय. मग वहीच्या मागच्या पानांवर त्या रेघा मारू लागल्या. चिखलदगडाखाली काय निघालं? कोळशाच्या पट्टीखाली काय? किती वेळा?

एकदा मोठ्या साहेबांनी ती पानं पाहिली. खात्यातले सगळ्यात जुने भूगर्भतज्ज्ञ. आता बोलणी बसणार म्हणून टेपबाई वही मिटायला पुढे झाल्या. साहेब मात्र तिथेच एका पेटीवर टेकले.

"बाई, हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही साहेब. हात रिकामे होते म्हणून..."

"अहो, आम्ही हे कॉलेजात शिकलो! थर उगाच पडत नाहीत. नदी वळते, समुद्र पुढे येतो, मागे जातो. त्याचा माग दगडात राहतो. असं मोजत गेलं की न पाहिलेल्या जागी काय असेल, तेही सांगता येतं. अंदाजाने हं, ज्योतिष नव्हे."

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. तक्ता कसा आखायचा, शेकडा कसा काढायचा, एका भोकातला थर दुसऱ्या भोकातल्या थराशी कसा जुळवायचा. सातवीत शाळा सुटल्यापासून कोणी त्यांना काही समजावून सांगितलंच नव्हतं. एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तरी साहेबांच्या कपाळाला आठी पडायची नाही.

दोन वर्षांनी डोंगराखालून रस्त्यासाठी बोगदा खणायला घेतला. त्या वाटेवर आधी सात भोकं पाडली होती. सहाव्या भोकाची पेटी धुताना टेपबाई थबकल्या. कोळशाच्या पट्टीखाली अडीच मीटरची जागा रिकामी होती. कांडी निघालीच नव्हती. सोबतच्या कागदावर मात्र कोणीतरी लिहून टाकलं होतं, 'वरच्यासारखाच चिखलदगड'.

त्यांनी आपला तक्ता काढला. कोळसा सेहेचाळीस वेळा आला होता, आणि त्यातल्या एक्केचाळीस वेळा खाली वाळू होती. त्या तडक साहेबांकडे गेल्या.

"साहेब, चिखलदगड असता तर कांडी निघाली असती की. सुटी वाळूच यंत्राच्या पाण्याबरोबर वाहून जाते."

साहेबांनी तक्ता ठेवून घेतला. दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी सातही भोकांचे थर, त्यांची जाडी, त्यांचा क्रम जुळवून पाहिला. शेजारच्या भोकांतली वाळू सहाव्याच्या बाजूला जाड होत चालली होती. "दहात नऊ हिस्से वाळूच," ते म्हणाले, आणि टेपबाईंना घेऊन बोगद्याच्या इंजिनियरकडे गेले.

इंजिनियरने नाक मुरडलं. "कपडे शिवणाऱ्या बाईंच्या मोजमापावर काम थांबवू?"

"थांबवू नका," साहेब शांतपणे म्हणाले. "पुढे एक बारीक भोक पाडून बघा, आणि तोवर माणसं मागे ठेवा. बाईंचं चुकलं तर चार दिवस वाया जातील. तुमचं चुकलं तर?"

ते चार दिवस टेपबाई तक्त्यातल्या रेघा पुन्हा पुन्हा मोजत राहिल्या. आपल्यापायी साहेबांना मान खाली घालावी लागली तर? पाचव्या दिवशी दुपारी इंजिनियर स्वतःच गोदामात आला. डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलेलं, बूट चिखलाने माखलेले. चौदा मीटरवर भोकातून वाळूमिश्रित पाण्याचा लोट फुटला होता आणि तासाभरात बोगद्यात गुडघाभर पाणी झालं होतं. माणसं मागे होती. कोणाला खरचटलंही नव्हतं.

"बाई, माझी एकोणीस माणसं तिथे खणत असती," तो म्हणाला.

टेपबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "चहा घ्याल का?" एवढंच त्या म्हणाल्या.

पुढे बोगद्याची वाट त्या वाळूच्या बरीच वरून नेली. साहेबांनी अहवाल लिहिला आणि स्वतःच्या नावाखाली टेपबाईंचं नाव छापलं. लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच ते कुठे छापलं गेलं होतं. अहवाल घेऊन त्या आधी नणंदेच्या टेबलापाशी गेल्या.

"वन्सं, तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात म्हणून..." आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वहिनी, बाजूला होऊन रडा, टपाल भिजेल!" म्हणत नणंदेनेच आधी पदर डोळ्यांना लावला.

साहेब निवृत्त झाले त्या दिवशी टेपबाईंनी सांगायचं बरंच काही ठरवलं होतं. ऐन वेळी त्यातलं निम्मं विसरलं. "साहेब, त्या दिवशी वही नुसती उचलून नेली असतीत, तरी मला काही कळलं नसतं. तुम्ही बसून शिकवलंत. हे मी जन्मात विसरणार नाही."

"वही नेली असती," साहेब हसून म्हणाले, "तर रिकामी जागा कोणी दाखवली असती मला? मी तो कागद वाचून सही करून मोकळा झालो होतो, बाई."

हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. टेपबाईंनी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनीही हात जोडले.