कांचीपुरमची पांढरी पट्टी

मंडळी, आज आईला कांचीपुरमला नेलं. मी इकडे पेरुंगुडीत नोकरीला लागून दोन वर्षं झाली आणि आई साताऱ्याहून परवा आली, त्यामुळे गाइड अर्थातच मी. इथली जुनी देवळं दुपारी बारा ते चार बंद असतात हे मला पक्कं ठाऊक, म्हणून अकरालाच पोचलो.

चपला बाहेर ठेवल्या. आवारातली दगडी फरशी तव्यासारखी तापलेली.

"आई, तू मंडपात बस. ही प्रदक्षिणा तुला झेपायची नाही," असं सांगून मी ऐटीत निघालो. दहाव्या पावलाला नाचायला लागलो आणि पळत जाऊन सावली गाठली.

तळवे चोळत बसलो होतो, तर समोरून आई सावकाश चालत आली. फरशीवर पांढऱ्या रंगाची एक पट्टी ओढलेली होती, त्यावरून. पांढरा रंग कमी तापतो.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगणार कोण? मला कुठं तमिळ येतं? इथल्या बायका कुठं पाय ठेवतात ते बघितलं."

मला थोडं तमिळ येतं, देवळांच्या वेळा पाठ आहेत. दोन वर्षांत कुणाच्या पायांकडे मात्र बघितलं नव्हतं.

तुम्ही बघता का?