सगळ्यांना एकशे सात

एप्रिलचा पहिला आठवडा. सकाळी दहा वाजता मी केनवडला, ग्रामपंचायतीच्या पंख्याखाली उभं राहून, हवामान बदलावर भाषण दिलं. मी जनावरांचा डॉक्टर. अशी भाषणं आता आमच्या कामातच धरतात. "गाय तोंड उघडून धापा टाकत असेल तर आधी ऊन आठवा, मग आजार," असं मी म्हणालो, आणि वाक्य आवडलं म्हणून पुन्हा म्हणालो. सावली, पाणी, ओलं पोतं, वारा असं छापलेली पत्रकं वाटली. उरलेली पिशवीत कोंबली.

दुपारी एकला रिठदला पोचेपर्यंत यातलं काहीही माझ्या डोक्यात उरलं नव्हतं.

तिथल्या एका बाईंची संकरित गाय आठ महिन्यांची गाभण होती. ती घ्यायचा सल्ला माझा, कृत्रिम रेतन माझ्याच हातचं. त्यामुळे त्या घरात मला सोयऱ्याचा मान होता, आणि सोयऱ्याला बसतात ते टोमणेही. गाय पत्र्याच्या गोठ्यात जीभ काढून धापा टाकत होती. मी मोटरसायकलच्या डिकीतून थर्मामीटर काढला, झटकला, लावला. एकशे सात.

"न्यूमोनिया," मी म्हणालो. "अंगावर पाणी टाकू नका. वाऱ्याला बांधू नका. आतच राहू द्या."

"आत?" बाई म्हणाल्या. "आत तं पत्र्याखाली भाकर भाजल, डाक्तर. सकाळपासून निंबाकडं ओढ घेऊन राह्यली ते."

"ताप एकशे सात आहे बाई."

"आकडा मले काय समजते. गाय समजते."

"डॉक्टर कोण आहे?"

"तुमीच," बाई म्हणाल्या. त्यात मान्यता फारशी नव्हती.

इंजेक्शन दिलं. पिशवीतून हाताला लागेल तो कागद ओढून औषधं खरडली, खाली 'पाणी नको, वारा नको' लिहून दोन रेघा मारल्या आणि कागद सुनेला दिला. ती जयंतीसाठी घराची भिंत रंगवत होती. कागदावर निळं बोट उमटलं.

वाशीमच्या वाटेवर एका वस्तीवर लंगडणारा बैल दाखवायला आणला. सवयीने ताप पाहिला. एकशे सात. बैल निवांत कडबा खात होता. शेजारी शेळी बांधलेली होती, तिचाही पाहिला. एकशे सात.

"साथ आली का काय, सायेब?" मालकाने विचारलं.

"पाहू," मी गंभीर होऊन म्हणालो. मग थर्मामीटर दोनदा साबणाने धुऊन गोठ्याआड स्वतःच्या काखेत धरला. एकशे सात. पुस्तकाप्रमाणे मी बेशुद्ध पडायला हवा होतो, आणि माझ्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता.

थर्मामीटर झटकून नुसता हवेत धरला. पारा खाली गेला, आणि कुणी न बोलावता पुन्हा वर चढून तिथेच बसला. चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. मी कॉलेजात शिकलो तेव्हा हवा जनावरापेक्षा गार असणार हे धरूनच चालायचं. हवाच जनावरापेक्षा गरम अशा उलट्या दुपारी मे महिन्यात मोजक्याच यायच्या. आता एप्रिल लागतो न लागतो तोच त्या सुरू होतात, आणि मी त्याच जुन्या हिशेबाने डिकी उघडतो. मी गाईचा नव्हे, दुपारचा ताप मोजला होता. आणि त्या दुपारीच गाभण गाईला पत्र्याखाली कोंडून आलो होतो.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. गाडी वळवली तेव्हा चहाचा कप हातातच होता. तो मालकाने काढून घेतला. रस्ताभर माझं केनवडचं वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येत होतं, दोनदा म्हटलेलं असल्यामुळे दोनदा.

गोठा रिकामा होता. खुंटा होता, दावं नव्हतं. एवढ्या उन्हात मेलेलं जनावर लोक ताबडतोब ओढून नेतात. हे नेमकं तेव्हाच आठवायचं कारण नव्हतं.

"डाक्तर, इकडं."

गाय निंबाखाली उभी होती. पाठीवर ओली पोती, आणि सून बादलीने पाणी टाकत होती.

"मी तर पाणी नको म्हणालो होतो," मी म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

"होय. आन् मांगच्या बाजूनं टाका मनलं." बाईंनी कागद पुढे केला. औषधं मी माझ्याच पत्रकाच्या पाठीवर लिहिली होती. "सुनेनं दोनी बाजू वाचल्या. मी मनलं, छापेल असते ते इचार करून छापते. हातानं लिवेल घाईचं असते."

मी माठातल्या पाण्यात थर्मामीटर गार केला, लावला, ओल्या फडक्यात धरून वाचला. एकशे चार. गाईच्या नेहमीच्या तापमानापेक्षा अडीचच जास्त. श्वास मोजले. पाच मिनिटांनी पुन्हा मोजले. मग पुन्हा. मध्ये गाईभोवती फेऱ्या मारल्या.

"बसा ना आता," बाई म्हणाल्या. "गाय थांबली. तुमीच धापा टाकून राह्यले." आणि एक ओलं पोतं माझ्या मानेवर टाकलं.

"पोटातलं हललं का?" मी विचारलं.

त्यांनी माझा हात धरून गाईच्या उजव्या कुशीवर ठेवला. काही नाही. मी हात सरकवला. त्यांनी तो परत जागेवर आणून दाबला.

"काहून घाई करता?"

बराच वेळ गेला. पोत्यातलं पाणी पाठीवरून खाली उतरत होतं. मग आतून तळहाताला लाथ बसली, चांगली जोरात. योग्य माणसाला बसली, असं मला वाटलं.